अकानीचं गाणं

मुशिनच्या गजबजलेल्या वस्तीत बँडवाल्या कोकरच्या आवारात एक नियम होता, आणि तो ठाऊक नसल्यामुळे परदेशी पाहुण्यांची दर शुक्रवारी फजिती व्हायची. बिचारे विमानाने यायचे, बंकोले कोकरची रेकॉर्डं तोंडपाठ करून यायचे, पत्र्याच्या छपराखाली घाम पुसत पुढच्या बाकांवर बसायचे, आणि मग त्यातला एखादा धीर एकवटून ओरडायचा, अमुक गाणं वाजवा. की सगळं आवार खो खो हसायला लागायचं. बाबा जिमो आपल्या कोंग्यांवर, त्या उंच ढोलांवर, कोपरं टेकून माईकजवळ तोंड न्यायचा आणि म्हणायचा, "ते गेलं रे बाळा. तुझ्या जन्माआधीच पुरलं आम्ही. जिवंत माणसांच्या घरी आलायस, तर जिवंत माणसांची चौकशी कर की."

नियम साधा होता. गाणं एकदा रेकॉर्ड झालं की मंचावर परत वाजवायचं नाही. कितीही गाजलेलं असो, मंत्री येऊन बसलेला असो नाहीतर खुद्द गव्हर्नर. गाणं आवारात जन्मायचं, शुक्रवारी-रविवारी वाजत वाजत वाढायचं, कधी वीस मिनिटांत आटपायचं तर कधी ट्रंपेटवाल्यांना चेव आला की तासभर जागचं हलायचं नाही, आणि मग एक दिवस कोकर सांगायचा, आता ह्याचं वय झालं, उद्या स्टुडिओत जाऊ. त्या जाण्याला वादक 'पुरणं' म्हणत. सगळे एकदम जायचे, एका खोलीत दाटीवाटीने उभे राहायचे, एकदाच वाजवायचे. परत आले की आवारात बकरं कापायचे, बायका मोठ्या पातेल्यांत भात रांधायच्या, अगदी पिकल्या म्हाताऱ्याच्या मयतीला घालतात तसं जेवण. आणि दुसऱ्या दिवसापासून ते गाणं कोणी नुसतं गुणगुणलं तरी लोक डोळे वटारायचे.

बाहेरच्यांना हे खूळ वाटायचं. असेल खूळ. पण त्या खुळापायी कोकरला जन्मभर नवं काहीतरी करत राहावं लागलं, आणि अफ्रोबीट संगीतात त्याच्या तोडीचा दुसरा झाला नाही, हे त्याचे वैरीसुद्धा कबूल करत.

कोकर गेला तेव्हा आवार, बँड आणि हा नियम असं सगळं त्याच्या मुलीच्या, रोंकेच्या गळ्यात पडलं. वारसा म्हणा नाहीतर लोढणं म्हणा. रोंके सॅक्सोफोन वाजवायची, बापासारखाच, उजवा खांदा जरा खाली टाकून. चांगली वाजवायची. स्वतःची गाणी करायची आणि ती काही टाकाऊ नव्हती. पण नावाजलेल्या बापाचं पोर होणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला ठाऊक. लोक तिचं ऐकायचे, माना डोलवायचे, आणि फाटकातून बाहेर पडताना एकमेकांना म्हणायचे, "पोरगी बरी आहे. पण कोकर तो कोकर." पोरगी पन्नाशीला आली तरी म्हणायचे. हे वाक्य तिने इतक्यांदा ऐकलं होतं की एखाद्या शुक्रवारी ते कानावर आलं नाही तर तिला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

बाप मागे काही न पुरलेली गाणी ठेवून गेला होता. कागदावर एक सूर नाही, सगळी वादकांच्या बोटांत. रोंकेने आपल्या प्रत्येक रेकॉर्डवर स्वतःच्या गाण्यांबरोबर त्यातलं एक घातलं. कंपनीवाल्यांनाही तेच हवं असायचं; बाकीची तिची चालतील, पण एक तरी बापाचं पाहिजे. अशी एकेक करत ती संपत आली. शेवटी एकच राहिलं, आणि ते पुरायचं नव्हतं, हे आवारातल्या मांजरालासुद्धा माहीत होतं.

ते अकानीचं गाणं होतं.

अकानी हा कोकरचा गिटारवाला. लष्करी राजवटीतली गोष्ट आहे. ऑगस्टातल्या एका रविवारी दुपारी गणवेशातली माणसं आवारात घुसली, वाद्यं फोडली, हाताला लागेल त्याला गाडीत कोंबलं. बाकीचे यथावकाश मोडक्या हाडांनिशी का होईना, परत आले. अकानी आला नाही. चौकशीला जावं तर असा माणूस आम्ही पाहिलाच नाही म्हणायचे. देह नाही, अंगावरचा कपडा नाही, गेल्याची तारीख नाही. त्याची बायको तेव्हा पोटुशी होती. पुढे मुलगा झाला, त्याचं नाव यिंका ठेवलं, आणि रीतीप्रमाणे तीही सगळ्यांची 'इया यिंका' झाली, यिंकाची आई. तिचं स्वतःचं नाव काय, हे आता तिलाच विचारावं लागेल.

इया यिंका रात्री दाराला कडी लावत नसे. इकोरोडूसारख्या ठिकाणी, जिथे लोक दोन-दोन कुलपं आणि वर लोखंडी जाळी लावून झोपतात, तिथे ही बाई दार नुसतं लोटून घ्यायची. शेजारी ओरडले. चर्चचा पास्टर येऊन समजावून गेला. दोनदा चोरी झाली, एकदा तर चुलीवरचं पातेलंही गेलं. मुलगा मोठा झाला, कॅनडात गेला, तिथून फोनवर भांडला. ती म्हणायची, "तुझ्या बापाला दार ठोठावायची सवय नाही रे."

कोकरने ह्यावरच गाणं केलं होतं, 'कडी लावू नका'. आणि त्यात त्याने एक गोष्ट केली, जी दुसऱ्या कोणाला सुचली नसती. गाण्याच्या मध्यावर गिटारने एकट्याने वाजवायची जागा ठेवली आणि ती रिकामी सोडली. ट्रंपेट गप्प, सॅक्सोफोन गप्प, गाणारे गप्प. फक्त जिमोचा हात कोंग्यावर अगदी हलका चालू, दाराशी कोणीतरी थांबलंय आणि आत यावं की नाही ठरवतंय इतका हलका. तेवढा वेळ अकानीचा. मग सगळे परत सुरू. अकानीचा देह मिळाला, त्याला मातीत ठेवलं, की मगच हे पुरायचं, असं कोकरने सांगून ठेवलं होतं. ते वर्षातून एकदाच वाजायचं, ऑगस्टातल्या पहिल्या रविवारी, दुपारी. इया यिंका यायची, पुढच्या बाकावर बसायची, ती रिकामी जागा आली की डोळे मिटायची. गाणं संपलं की एकेकाची विचारपूस करून आपली बस धरायची. नवऱ्याला भेटायची तिची एवढीच काय ती जागा होती.

आता रोंकेची बाजूही ऐकायला हवी. ती काही कोणी राक्षस नव्हती. आदल्या वर्षी म्हातारा बेसवाला सुले गेला, आणि जाताना त्या गाण्याचा मधला तुकडा बरोबर घेऊन गेला. नव्या पोराला तो काही केल्या जमेना. जिमोची बोटं सुजलेली. रोंके रात्र रात्र तळमळायची. हे दोघंतिघं म्हातारे गेले की गाणं गेलं, आणि मग अकानी नावाचा माणूस होऊन गेला हे सांगणार कोण? ही भीती खरी होती. दुसरीही एक गोष्ट खरी होती, ती म्हणजे कंपनीचा डापो. डापो सारखा फोन करत होता, की आंटी, नवी रेकॉर्ड निघायची तर तुमच्या वडिलांचं एक पाहिजेच, आहे का शिल्लक?

ती जिमोकडे गेली. तो ओट्यावर बसून गरम पाण्याच्या परातीत हात शेकत होता.

"बाबा, यंदा ते गाणं रेकॉर्ड करावं म्हणते."

"कुठलं?" कुठलं ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

"अकानीकाकांचं."

जिमोने पाण्यातून हात काढले, लुंगीला पुसले. "सापडला वाटतं अकानी?"

"बाबा, काय बोलता."

"नाही, सापडला असेल. मला म्हाताऱ्याला कोण सांगतंय."

"सुले गेले ते मधला तुकडा घेऊन गेले. तुमच्या हातांचं हे असं. उद्या तुम्हाला काही झालं तर मी एकटी काय फुंकत बसू तिथे?"

"म्हणजे माझ्या हातांची काळजी वाटून आलीस होय? मला वाटलं, कंपनीवाल्याने पाठवलं."

हे तिला झोंबलं, कारण त्यात अर्धं खरं होतं. ती जरा तावातच बोलली, "चाळीस वर्षं होऊन गेली, बाबा. आता काय मिळणारे? जगभर ऐकतील लोक. काकांचं नाव होईल. इयाला बरं नाही वाटणार?"

"मग तिलाच विचार ना. मला कशाला विचारतेस?"

"विचारीन."

"विचार. ती हो म्हणाली तर मी सुजल्या हातांनी येईन. नाहीतर मला बोलावू नकोस."

रोंकेने विचारलं नाही. फोन दोनदा हातात घेतला, दोनदा खाली ठेवला. मग मनाशी म्हणाली, आधी कशाला सांगायचं, गाणं निघालं की तिला चकित करू. स्वतःला असं गोड बोलून फसवणं सगळ्यांनाच जमतं, तिलाही जमलं.

लेक्कीतल्या स्टुडिओत ते गाणं रेकॉर्ड झालं. झालं म्हणजे कसं, तर तुकड्यातुकड्यांनी. ड्रमवाला एका दिवशी येऊन गेला, ट्रंपेटवाले दुसऱ्या आठवड्यात. बेस लंडनमधल्या कोणा मुलाने तिकडेच वाजवून कॉम्प्युटरवरून पाठवला, त्याचं तोंडही कोणी पाहिलं नाही. जिमो नव्हता, म्हणून त्याचे कोंगे दुसऱ्याच गाण्याच्या एका जुन्या टेपवरून उचलून जोडले. रोंकेने आपला सॅक्सोफोन एका दुपारी उरकला, कानांवर हेडफोन लावून, काचेमागे एकटीने. एसी इतका होता की खांद्यावर शाल घ्यावी लागली. स्टुडिओची पुढची वेळ घेतलेला दुसरा कोणी गायक आधीच येऊन बाहेर सोफ्यावर बसला होता, म्हणून जरा घाईच झाली.

आणि ती रिकामी जागा आली तेव्हा डापोने तोंड वाकडं केलं. "आंटी, इथे काहीतरी तुटल्यासारखं वाटतंय."

"ते तसंच आहे."

"आवारात ठीक आहे हो. तिथे लोकांना कथा ठाऊक असते. मोबाईलवर ऐकणाऱ्याला वाटेल मोबाईल बिघडला."

"ते तसंच असतं, डापो."

"मी काढून टाका कुठे म्हणतोय? हळूच एक गिटार घालून बघू. नाही आवडलं तर नको."

शेजारच्या खोलीत एक मुलगा होता गिटारवाला. तो आला, एकदा ऐकलं, वाजवलं. गोड वाजवलं. रोंकेने तीन वेळा ऐकलं आणि चौथ्यांदा तिला ते नको म्हणवेना. बकरं नाही, भात नाही. बाहेर पडून तिने टॅक्सी पकडली आणि घरी येऊन झोपली.

गाणं गाजलं, असं नुसतं म्हणून भागणार नाही. ते अंगावर येईपर्यंत वाजलं. न्हाव्याच्या दुकानात, लग्नात, ओजुएलेग्बाच्या पुलाखाली, पिवळ्या डॅनफो बसमध्ये ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या स्पीकरमधून. पेट्रोल पंपावरच्या मुलीने रोंकेला ओळखलं आणि तिच्याबरोबर फोटो काढला. परदेशातल्या पेपरात आलं, की हे रोंके कोकरचं आजवरचं सर्वोत्तम काम. नुसतं तिचं नाव, पुढे 'पण' नाही. ती एकटीच स्वयंपाकघरात उभी राहून ते पुन्हा पुन्हा वाचत होती आणि हसत होती. तिला कोण नावं ठेवणार? जन्मभराची भूक होती बाईची.

जिमोने आवारात येणं बंद केलं. ती दोनदा त्याच्याकडे गेली, दोन्हीदा सून म्हणाली, झोपलेत. रोंके मनाशी म्हणाली, ऑगस्टपर्यंत येईल राग उतरून. इयाचा तर फोनच आला नाही. तिच्याकडे रेडिओ नाही, साधा मोबाईल आहे, तिला कळलंही नसेल, असं रोंकेने धरून चाललं. ऑगस्टच्या रविवारी तिला सगळ्यांदेखत सांगायचं. आणि त्या एका दुपारपुरता नियम बाजूला ठेवायचा. नियम बापाचा, बाप गेला, आता आवार माझं. बँडमधल्या पोरांना तिने तसं सांगून टाकलं. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं.

तो रविवार आला. आवार फुलून गेलं होतं. अर्धेअधिक नवे लोक, ते गाणं ऐकून आलेले. सुया, म्हणजे काडीला टोचलेलं मसालेदार मांस, भाजणाऱ्याचा धूर सगळीकडे. बाबा जिमो आला. अंगात पांढरा स्वच्छ, पायघोळ अग्बाडा, डोक्याला टोपी, कोणाकडे न बघता सरळ आपल्या कोंग्यांमागे जाऊन बसला. रोंकेच्या जिवात जीव आला. "आलात, बाबा?" तो म्हणाला, "आलो." तेवढंच.

मग फाटकाशी टॅक्सी थांबली आणि इया यिंका उतरली. बरोबर तिच्या दोन जावा. तिघींनी एकच कापड नेसलं होतं, गर्द निळं, डोक्याला त्याच कापडाची बांधणी. एका घरातली माणसं लग्नाला नाहीतर मयतीला नेसतात तसं. टॅक्सीच्या मागून झाकणं लावलेली भाताची मोठाली पातेली निघाली, ती पोरांनी धरून आत आणली. रोंकेने ते पाहिलं आणि तिचं मन एकदम फुलून आलं. कळलंय तर हिला. कळलंय, आणि आनंद साजरा करायला आलीय. उगाच मी घाबरत होते. ती धावत गेली, गुडघे टेकून नमस्कार केला.

"इया, किती छान दिसताय."

"ऊठ, बाळ." इयाने तिच्या गालाला हात लावला. "वाळलीस ग. जेवतेस की नाही?" आणि नेहमीच्या बाकावर जाऊन बसली.

रोंके माईकपाशी गेली. म्हणाली, "आवाराचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. आज एका माणसासाठी आपण तो बाजूला ठेवतोय." नव्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. जुने गप्प. तिने मान हलवून इशारा केला, ड्रमवाल्याने ठेका धरला, बेस आला.

कोंगे आले नाहीत. जिमोचे हात मांडीवर होते.

कोंग्यांशिवाय ते गाणं लंगडायला लागलं. रोंकेने वाजवता वाजवता त्याच्याकडे पाहिलं, भुवया उंचावल्या. तो समोर कुठेतरी बघत होता. ट्रंपेटवाल्यांनी ते पाहिलं आणि त्यांनी तोंडाला लावलेली वाद्यं खाली घेतली. मग बेस थांबला. ड्रमवाला बिचारा थोडा वेळ ओढत राहिला, मग त्यानेही काठ्या खाली ठेवल्या. रोंके थांबली नाही. हट्टाने म्हणा, लाजेने म्हणा, एकटी वाजवत राहिली. कपाळावरचा घाम डोळ्यांत जात होता. ती मधल्या जागेपर्यंत आली आणि तिथे तिला थांबावंच लागलं, कारण तिथे कोणी वाजवत नाही. आवारात सुयाच्या विस्तवाची चरचर तेवढी ऐकू येत होती.

इया यिंकाने हात वर केला. "पुरे, रोंके. ये, खाली बस."

रोंके मंचावरून उतरली. सॅक्सोफोन गळ्यात तसाच. ती इयाच्या शेजारी बाकावर बसली. इया हळूच बोलत होती, पण आवार इतकं गप्प होतं की मागच्यांनाही ऐकू गेलं.

"मी बाजारातून भाजी घेऊन येत होते. डॅनफोत होते. ड्रायव्हरने लावलं. आधी वाटलं, अरे, हे तर आमचं. शेजारच्या बाईला म्हणणार होते, हे माझ्या नवऱ्याचं हो. मग ती त्याची जागा आली." इया थांबली. "तिथे कोणीतरी वाजवत होतं."

"इया, ते काय झालं, की..."

"चांगलं वाजवत होता पोरगा. त्याच्यावर राग नाही माझा. पण मला कळलं. तिथे आता दुसरा बसला. म्हणजे हा काही येत नाही. घरी गेले आणि कडी लावली. गंजून गेली होती, तेल घालावं लागलं."

रोंकेने तिचा हात धरला. ती म्हणाली, "मी काढून घेते ते. उद्याच सांगते त्यांना. सगळीकडून काढून घेते, इया."

"पुरलेलं कोणी उकरतं का, वेडे?" इया रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. "मी भांडायला नाही आले. कधीतरी पुरायलाच हवं होतं त्याला. माझ्याच्याने होत नव्हतं, तुझा बाप माझ्या तोंडाकडे बघून थांबला होता. तू केलंस. म्हणून कापड घेतलं, भात केला. मागाहून का होईना, त्याचं जेवण तर घालायला हवं लोकांना." मग तिचा आवाज जरा हलला. "पण मला बोलवायचं होतंस ग. दुसरं काही म्हणणं नाही. बायको होते ना मी त्याची."

रोंकेने मान खाली घातली. पायाखालची जमीन दुभंगावी आणि आपण तिच्यातच जावं, असं तिला झालं. जन्मभर ती बापाचं नाव राखत आली होती, आणि त्या बापाने जे एकच माणूस जपून ठेवलं होतं ते तिने एका दुपारी उरकून टाकलं होतं.

इयाने डोळे पुसले, डोक्याची बांधणी सारखी केली आणि मयतीला न पोचलेलं माणूस नंतर घरी येऊन विचारतं तशी विचारायला लागली. "बरं, सांग मला. कोण कोण होतं?"

रोंकेच्या डोळ्यांपुढे ती काचेची खोली आली. थंडगार एसी, खांद्यावरची शाल, हेडफोन. कोण होतं? कोणीच कोणाबरोबर नव्हतं. बेस वाजवणाऱ्याला अकानी कोण हेही ठाऊक नव्हतं. इया तिच्या तोंडाकडे बघत होती, ऐकायला आसुसलेली.

"मी होतो," मंचावरून आवाज आला.

जिमो उठला होता. सुजल्या हातांनी कठडा धरत, एकेक पायरी करत तो खाली आला आणि इयाच्या समोर उभा राहिला.

"तू होतास, जिमो?"

"म्हणजे काय. अकानीला पुरायचं आणि मी नसेन? सगळे होतो. एका खोलीत. दाटीने उभे होतो, पाय ठेवायला जागा नव्हती."

"सगळे एकदम वाजवलंत?"

"एकदम. एकदाच. परत घ्यावं लागलं नाही."

इयाने हळूच मान हलवली. "आणि बकरं?"

"कापलं. चांगलं मोठं कापलं. तुझ्या वाटणीचं धाडायचं राहिलं, तेवढी चूक झाली. तुला सांगायची हिंमत कोणाला होईना, म्हणून बोलावलं नाही. ती चूक माझी. हिची नाही."

जिमो आयुष्यात कधी खोटं बोलल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. ट्रंपेटवाली पोरं जमिनीकडे बघत उभी होती. रोंकेला ओरडून सांगावंसं वाटलं, की नाही, असं नव्हतं, पण ती गळ्यातला सॅक्सोफोन धरून बसून राहिली.

इयाने विचारलं, "रडलं का रे कोणी?"

जिमोने त्या दिवशी पहिल्यांदाच रोंकेकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग होता की दया, ते तिला कळलं नाही. "ही रडली," तो म्हणाला. "हिला आवरेना. हातातलं वाद्य काढून घ्यावं लागलं, इतकी रडली."

इया यिंकाने मोठा श्वास सोडला, डोक्यावरचं ओझं कोणी उतरवून घेतल्यासारखा. "बरं झालं. मला तेवढीच भीती होती. म्हटलं, रडायला कोणी होतं की नव्हतं. घरचं एक तरी माणूस रडायला पाहिजे ना." आणि तिने रोंकेला जवळ ओढलं, तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं.

तेव्हा मात्र रोंकेला रडू फुटलं. पन्नाशीची बाई, सगळ्या आवारादेखत, त्या निळ्या कापडात तोंड खुपसून हमसाहमशी रडली. "नको ग आता," इया म्हणत होती, "तेव्हा रडलीस ते पुष्कळ झालं. तुझे उपकार आहेत." जावांनी पातेल्यांची झाकणं उघडली होती, पोरं ताटल्या मांडत होती. इया यिंका तिची पाठ थोपटत राहिली, आणि रोंकेला डोकं वर करून खरं सांगायचा धीर झाला नाही. त्या दिवशी नाही आणि पुढेही कधी नाही.